सुतळीनं बांधलेलं पुडिंग

एक होता पार्सलबाबू, एक होती त्याची शिवणकाम करणारी बायको, आणि त्या दोघांना होती एक लग्नाला आलेली लेक. पार्सलबाबू टपाल कचेरीत पार्सलं बांधायचा. त्याच्या हातची गाठ वाटेत सुटली असं कधी झालं नाही. (घरी पायजम्याची नाडी तेवढी सुटायची.)

लेकीनं मुलगा स्वतःच पाहिला होता. त्याचा होकार, हिचा होकार. अडलं होतं मुलाच्या आईपाशी. बाईंच्या पोटात दुधाचा थेंब गेला तरी घसा सुजायचा, श्वास कोंडायचा. म्हणून त्यांचं अख्खं घरच व्हीगन झालेलं, दूध नाही, तूप नाही, लोणी नाही. लोकांना ते खरं वाटायचं नाही. "चमचाभरानं काय होतंय," म्हणत कुणीतरी घालायचंच, आणि बाई दवाखान्यात. ज्या घरी निर्धास्त घास गिळता येत नाही तिथं सोयरीक करायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलेलं. रविवारी त्या मुलाला घेऊन जेवायला येणार होत्या.

"गोड मी करतो," पार्सलबाबू म्हणाला.

बायकोनं ओठांतली टाचणी काढली. "कोण करतो?"

"मी. तुझ्या हाताला तुपाची सवय. चुकून पडलं म्हणजे?"

"आणि तुमच्या हाताला कसली सवय आहे?"

"नियमाची."

शनिवारी संध्याकाळी त्यानं काजू वाटले, नारळाचं दूध काढलं, चॉकलेट वितळवलं. घट्ट होण्यासाठी चायना ग्रास घातलं. लेक म्हणाली होती, चिमूटभर पुरे. पण सैल पार्सल त्याला जन्मात आवडलं नव्हतं, त्यानं पाकीटच रिकामं केलं. मग ते आइस्क्रीमच्या डब्यात ओतलं. (त्या घरात आइस्क्रीमच्या डब्यात डाळ असे, बटणं असत, कधीमधी आइस्क्रीमसुद्धा असे.) कुणी चुकून उघडू नये म्हणून डब्याला उभी-आडवी सुतळी बांधली आणि फ्रिजमध्ये ठेवला.

रविवारी बाई जेवताना प्रत्येक भांड्याकडे बघून विचारत होत्या, "यात काय आहे?" गोडाच्या वाट्या आल्या तशी त्या थांबल्या.

"हे बाबांनी केलंय," लेक कौतुकानं म्हणाली.

बाईंनी चमचाभर खाल्लं, मग वाटीभर, मग म्हणाल्या, "अजून आहे का?"

पार्सलबाबूची छाती फुगली. "बसा, मी आणतो," म्हणत त्यानं आत जाऊन फ्रिज उघडला.

समोर त्याचा डबा. सुतळी जागच्या जागी, गाठ जागच्या जागी. शेजारी दुसरा आइस्क्रीमचा डबा, अर्धा रिकामा, आत गार तपकिरी काहीतरी.

मग बाईंनी खाल्लं काय?

तो तसाच रिकाम्या हातानं बाहेर आला आणि बाईंच्या गळ्याकडे टक लावून बसला. बाईंनी रुमालानं मान पुसली.

"घसा कसा आहे?" त्यानं विचारलं.

"बरा आहे. का हो?"

"सहज. श्वास येतोय ना?"

"अहो, काय विचारताय?" बायकोनं कोपर मारलं.

तेवढ्यात पाणी पिताना बाईंना ठसका लागला, आणि पार्सलबाबू उभा राहिला. "गाडी बोलवा. तुम्ही खाल्लं ते माझं नव्हतं. ते आइस्क्रीम होतं, दुधाचं. माझा डबा आत बांधलेलाच आहे. पोरीचा काही दोष नाही हो, काय म्हणायचं ते मला म्हणा."

बाईंचा हात गळ्याशी गेला, चेहरा पांढरा पडला. मुलगा चपला शोधू लागला. लेकीला रडू फुटलं.

"बसा सगळे," बायको म्हणाली. "ते मी केलंय. नारळाचं दूध, काजू, सगळं यांचंच, फक्त चायना ग्रास बेतानं. काल यांचं पातेलं खरवडताना माझं उलथनं वाकलं. म्हणून सकाळी हे ब्रेड आणायला गेले तेव्हा दुसरं केलं."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर पाहुण्यांपुढे तोंड पाडून बसला असता."

"मग आता काय हसतोय का मी?"

बाईंनी गळा चाचपला, मोठा श्वास घेतला आणि हसू लागल्या. "आजवर इतक्यांनी मला दूध घातलं, दवाखान्यात पोचवतानासुद्धा कुणी कबूल केलं नाही. आणि हे व्याही न घातलेलंही कबूल करतात. सोयरीक पक्की. फक्त लग्नाच्या पंगतीत त्यांनी माझ्यासमोर बसायचं. त्यांचा चेहरा बघूनच मी घास घेईन."

लग्न थाटात झालं. लेक सुखानं नांदली, दोन्ही घरं एक झाली. आता लग्नाच्या फोटोंत मुलीचा बाप बोहल्यापाशी कुठंच दिसत नाही. दिसतो तिथं तो पंगतीत विहीणबाईंच्या पानासमोर बसलेला आहे. काही काळजी करू नका असा चेहरा करण्याची त्यानं इतकी शिकस्त केली, की तो बघून विहीणबाई त्या दिवशी पाण्याशिवाय कशालाच शिवल्या नाहीत.