मालिका हा सिनेमा आहे किंवा कसे

काशीला गेलेल्या माणसाने आपली एक आवडती वस्तू तिथे सोडून यावी, असा आपल्याकडे फार जुना आणि अतिशय थोर नियम आहे. त्यागाशिवाय पुण्य नाही. आणि पुण्य मिळतंय म्हटल्यावर त्याग नेमका कोणाचा, याची चौकशी करत बसणं बरं दिसत नाही.

संग्रामपूरहून एसटीने तासाभरावर असलेल्या एका गावातून १९७७ साली चोवीस जण काशीला गेले. पैकी सोळांनी कारलं सोडलं, पाचांनी दुधी भोपळा आणि एकाने फणस. (फणस त्याने जन्मात पाहिलेला नव्हता, पण त्यागाला पूर्वानुभवाची अट नाही.) उरले पंजाबराव आणि त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई. त्यांनी जोडीने सिनेमा सोडला.

ही कल्पना अर्थातच पंजाबरावांची. गावात वर्षाकाठी एकदा सिनेमाचा तंबू येई आणि त्यात पंजाबराव पहिला बातमीपट संपायच्या आत घोरू लागत. मनकर्णाबाईंचं माहेर मात्र खामगावचं. लग्नाआधी त्यांनी बहिणींसोबत लायनीत उभं राहून सिनेमे पाहिलेले, आणि भाकरी थापताना त्यातली गाणी अजून त्यांच्या ओठांवर येत. म्हणजे सोडलेली वस्तू नियमाप्रमाणे आवडतीच होती. पंड्याने संकल्पाचं पाणी सोडलं तेव्हा त्या गंगेत कमरेपर्यंत उभ्या होत्या. त्यांना विचारलं गेलं नाही. (मागे रांग होती.)

मनकर्णाबाईंनी ही काशी नऊ वर्षं पाळली. १९८६ साली ग्रामपंचायतीत टीव्ही आला आणि त्याच्या कपाटाची किल्ली दूरदर्शन संच देखभाल समितीचे अध्यक्ष म्हणून पंजाबरावांच्या करगोट्याला आली. मनकर्णाबाई बातम्या पाहत, शेतीचा कार्यक्रम पाहत. युरियाचं प्रमाण त्यांना तोंडपाठ झालं. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की त्या उठत. पदर सारखा करायच्या निमित्ताने दारात थोड्या रेंगाळत, कारण नावं संपेपर्यंत सिनेमा धरत नाहीत.

मग रविवारी सकाळी पाच भागांची एक मालिका सुरू झाली. चुकीच्या गाडीत बसलेली एक मुलगी आणि तिच्यासाठी स्टेशनं पालथी घालणारी तिची आई. मनकर्णाबाई चार रविवार जागच्या हलल्या नाहीत. शेतात निंदणाला गेल्या तरी त्यांचा जीव त्या मुलीत. ती पोर घरी पोचावी, एवढंच त्यांना हवं होतं. इतक्या वर्षांत त्यांना स्वतःहून असं काही हवं वाटलं नव्हतं.

चौथा भाग संपला आणि शेजारच्या गोजरबाई बोलल्या, "काकू, हा सिनेमाच होय न व? फक्त तुकडे केले त्याचे. तुमची काशी बुडाली ना मंग!"

हे ऐकून पंजाबरावांच्या तोंडचं पाणी पळालं. काशी जोडीची, तेव्हा बुडाली तर दोघांची. गावच्या पंगतीत पहिला पाट त्यांचा असे, तोही गेला असता. त्यांनी तातडीने समिती नेमली. अध्यक्ष स्वतः, सदस्य सरपंच रामराव आणि निवृत्त शिक्षक दयाराम गुरुजी. विषय: मालिका हा सिनेमा आहे किंवा कसे. महिला प्रतिनिधी घेता आली नाही, कारण गावातल्या सर्व महिलांनी मालिका पाहिलेली असल्याने त्यांचं मत कलुषित होतं.

समितीने कसून काम केलं. तिकीट लागतं तो सिनेमा, असं प्रथम ठरलं. परंतु सरपंच झाल्यापासून रामरावांनी तंबूत कधी तिकीट काढलेलं नव्हतं, आणि या हिशेबाने त्यांनी बारा वर्षांत एकही सिनेमा पाहिलेला नाही असं निघू लागलं. हा निकष वगळला. मध्यंतर असतं तो सिनेमा, असं गुरुजींचं म्हणणं. मालिकेतही मध्यंतर होतंच, फक्त सात दिवसांचं. रडण्याचीही पाहणी झाली: चाळीस बायकांपैकी चौतीस रडल्या, परंतु त्यांतल्या अकरा बातम्यांनाही रडतात.

"रडू येते तो सिनेमा म्हटलं, तं पोरीची पाठवनीबी सिनेमाच होते," रामराव म्हणाले. हे नोंदवून घेण्यात आलं.

अखेर पुरावा पाहिल्याशिवाय निर्णय देणं अन्यायाचं होईल, म्हणून पाचवा भाग समितीने दार लावून पाहायचा ठराव झाला. (तपासणीसाठी पाहणं हे पाहणं नव्हे, असा खुलासा इतिवृत्ताच्या दुसऱ्या पानावर आहे. त्यामुळे अध्यक्षांची स्वतःची काशी शाबूत राहिली.)

पाचव्या रविवारी चाळीस बायका बाहेर कडुनिंबाखाली बसल्या. आतून गाडीची शिट्टी ऐकू आली. मग बाईचा हंबरडा. तो दुःखाचा की आनंदाचा, ते बंद दारातून कळेना. मनकर्णाबाईंनी उठून दारावर थाप मारली.

"शांतता राखा," आतून आवाज आला.

साडेदहाला मालिका संपली. पावणेअकराला दार उघडलं आणि निकाल जाहीर झाला: मालिका हा सिनेमा नव्हे, सबब सौ. मनकर्णाबाई यांस ती पाहण्याची कायमस्वरूपी मुभा देण्यात येत आहे.

पंजाबराव घरी येऊन ओसरीत टेकले, चंची उघडून बाजूला ठेवली आणि तंबाखू मळू लागले. "तुह्याच बाजूनं निकाल देला. पाह्य आता खुशाल."

"पोरगी घरी आली काय?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"कोनती पोरगी?"

"गाडीतली."

"मी इतिवृत्त लिहून राह्यलो होतो. सिनेमा ठरवाले गाने मोजा लागतात. अर्धंच गानं निंघालं."

"अन् रामराव भाऊ? गुर्जी?"

"ते मध्यंतराची वाट पाहून राह्यले होते. आलंच नाही."

मनकर्णाबाईंना रडू येत होतं आणि या माणसासमोर रडायचं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "काशीले मले कोनं इचारलं होतं?"

"जोडीनं सोडलं का इचारा लागत नाही. शास्तर आहे."

"बरं." त्यांनी चंची उचलली आणि आत जाऊन चुलीत टाकली. "मंग म्याबी आज तंबाखू सोडला. जोडीनं."

मनकर्णाबाईंनी जन्मात तंबाखूला हात लावलेला नव्हता. समिती त्याच दुपारी पुन्हा बसली. तीन बैठका झाल्या, तरी या त्यागात दोष सापडला नाही. कारण यात दोष काढला की काशीतला त्यागही त्याच दोषाने रद्द होतो. पंजाबराव सध्या बडीशेप खातात. पंगतीतला पहिला पाट कायम आहे.

हे वाचून वाचकांना हसू येईल, पुरुष वाचकांना जरा जास्तच. हरकत नाही. फक्त एकदा स्वयंपाकघरात जाऊन विचारून यावं, की आपल्या घरात कोणी काय सोडलंय आणि संकल्प कोणी सोडला होता. आपण अजून काशीला गेलेलो नाही, हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. पुष्कळ जण हे काम घरबसल्याच उरकतात.