नळी तपेल शे

जळगावच्या मे महिन्यात, ज्या उन्हात कुत्रीसुद्धा भिंतीची सावली सोडत नाहीत, त्या उन्हात उघड्या डोक्यानं उभं राहून रायफलीवर छत्री धरणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी दर रविवारी पाहतो. एकदा न राहवून म्हणालो, "नानाशेठ, डोकं तापेल ना तुमचं!"

"तापू दे. डोक्यातून कुठे गोळी सोडायची शे?"

नानाशेठ आमच्या नेमबाजी क्लबातले सगळ्यात जुने सभासद. घराणं मूळचं राजस्थानचं. आजोबांनी पारोळ्याला कापडाचं दुकान टाकलं, तेव्हापासून ही मंडळी देवाशी मारवाडीत आणि गिऱ्हाइकाशी अहिराणीत बोलतात. जैन, आणि पक्के. मुंगी दिसली तर वाट बदलतील. मग ही बंदूक कशाला? "कागदाला जीव नसतो," एवढंच उत्तर.

माझी रायफल वडिलोपार्जित. सावद्याच्या केळीच्या बागेतली रानडुकरं हाकलायला वडिलांनी ती घेतली होती. त्यांना एकही डुक्कर कधी लागलं नाही. त्यामुळे नेम चुकणं हा माझ्याकडे वारसाहक्कानं आलेला गुण आहे.

उगाच आढेवेढे कशाला? मला नानाशेठचा भयंकर हेवा वाटतो. त्यांच्या सगळ्या गोळ्या कागदावर वाटीच्या तोंडात मावतात, माझ्या परातीतही मावत नाहीत. त्यात बायको. मंदा एकदा क्लबाच्या कार्यक्रमाला आली, नानाशेठना पाच मिनिटं भेटली आणि घरी येऊन म्हणाली, "किती शांत माणूस! नाहीतर तुम्ही. चहा फुंकायचासुद्धा धीर नाही, मग दिवसभर जीभ बाहेर काढून हिंडता."

आता या शांतपणाची तऱ्हा ऐका. नानाशेठ एक गोळी झाडतात. रायफल उघडून ठेवतात. छत्री धरतात. मग डोळे मिटून, तापकरी लेकराचं कपाळ बघावं तसा हाताचा उलटा पंजा नळीला लावतात आणि म्हणतात, "नळी तपेल शे." म्हणजे तापली आहे, आता थांबा. आमच्या बाकीच्यांच्या चार-चार गोळ्या होतात तोवर हे थांबलेलेच.

"तपेल नळीनं दोन नुकसान," ते दर नव्या सभासदाला ऐकवतात. "आजची गोळी वाकडी जाते, अन् उद्याची नळी झिजते." लोखंड तापलं की जरा इकडेतिकडे होतं, त्यावरून गरम हवा उठते, नेम धरायची माशी डोळ्यांसमोर नाचायला लागते. हे सगळं त्यांनी मलाही समजावलं होतं. पण ज्याचा हेवा वाटतो त्याचा उपदेश कानात शिरत नाही.

हेच 'तपेल शे' ते दुकानात भांडणाऱ्या जावा-नणंदांनाही लावतात. माझा साहेबाशी खटका उडाला तेव्हा माझ्या मनगटालाही हाताचा उलटा पंजा लावून झाला होता.

एकदा त्यांनी माझी रायफल मागितली, उजेडाकडे धरून नळीत डोकावले आणि हळहळले. "पाटील, घसा बसला रे हिचा! आतले पीळ पार घासले. किती ओरडायला लावतो बिचारीला!" आख्खा क्लब हसला. त्या दिवशी मी ठरवलं, यंदाच्या धुळ्याच्या सामन्यात या माणसाला हरवायचं. पहिला नंबर नाही आला तरी चालेल, नानाशेठ माझ्या खाली पाहिजेत.

माझा डाव सोपा होता. वेळ ठरलेली असते. नानाशेठ छत्री धरून बसणार, मी धडाधड गोळ्या उडवून मोकळा होणार, आणि ते बघून त्यांचा धीर सुटणार. सुरुवात झकास झाली. मग माझ्या गोळ्या कागदावर शिडी चढायला लागल्या. नळीवर अंडं तळता आलं असतं. शेजारून आवाज आलाच, "पाटील, तपेल शे रे!"

मी चिडलो. थांबेन तर पाटील कसला? गळ्यातला गमछा बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि नळीवर टाकला. चर्र झालं. वाफ वर आली, माझ्या चष्म्यावर बसली. समोर कागद पांढरा दिसत होता, तेवढ्यावर घोडा दाबला.

गोळी अगदी मधोमध बसली. माझ्या आयुष्यातली पहिली. फक्त कागद नानाशेठचा होता.

पंच आले. त्यांनी नियम सांगितला: शेजाऱ्याच्या कागदावर गेली, पाटलांना भोपळा. आणि नानाशेठच्या कागदावर एक भोक जास्त, तेव्हा त्यांच्या हिशोबात चांगली भोकं धरायची, वाईट एक सोडायचं. म्हणजे जन्मात एकदा लागलेला माझा नेम, तोही त्यांच्या खात्यात! माझ्या पोटात जे जळलं, त्याला कुठलाच गमछा पुरला नसता.

पण नानाशेठ उठले. "साहेब, मधली माझी नव्हे. माझी ती खालची, डाव्या अंगाची. मला ठाऊक शे."

पंचांनी समजावलं, लोकांनी समजावलं. हा माणूस हलेना. ढाल शिरपूरच्या एका पोरसवदा डॉक्टरनं नेली, नानाशेठ दुसरे आणि मी यादीच्या तळाशी. परतीच्या गाडीत जो तो त्यांच्या खरेपणाचं कौतुक करत होता. हरूनसुद्धा तेच जिंकले, हे मला सहनच होईना.

पुढच्या रविवारी क्लबाच्या मैदानात सरावाला आम्ही दोघंच. ऊन उतरलं होतं. नानाशेठनी शेवटची गोळी झाडली, पंजा लावला. "तपेल शे. बस जरा." थर्मासातून दोन कपांत चहा ओतला. पारोळ्याचं दुकान, सुरतेला गेलेला मुलगा, कापडाचे जुने प्रकार, सगळं सांगून झालं. मी उठायला लागलो की पुन्हा पंजा. "अजून तपेल शे."

शेवटी वैतागून मीच नळीला हात लावला. गार! माठासारखी गार.

दुसऱ्याचं भोक आपलं म्हणायला तयार न होणारा माणूस माझ्याशी धडधडीत खोटं बोलत होता. आता पकडला, म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझा फोन वाजला.

"येताय की तिथेच झोपताय?" मंदाचा आवाज मैदानभर गेला.

नानाशेठ कान देऊन ऐकत होते. "आमची ही पण अशीच ओरडे," ते म्हणाले. "दिवस मावळायच्या आत जेवायला या म्हणून. आता कोण ओरडतं? डबेवाला दुपारीच डबा टांगून जातो."

मी पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य आमच्या घराकडे, मेहरूणच्या बाजूला कलला होता. मावळल्यावर हा माणूस पाणीसुद्धा पीत नाही, हे मला माहीत होतं. आणि रविवारी उजेड जाईपर्यंत आपण इथेच चहा पीत बसतो, हेही. मग रविवारी ते संध्याकाळचं जेवतात कधी, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता.

"मंदा, नानाशेठना आणतोय. आत्ता. कांदा, लसूण, बटाटा काही नको."

"मग काय, हवा वाढू?" असं म्हणून तिनं फोन ठेवला.

"नळी तपेल शे रे अजून," नानाशेठ पुटपुटले.

"असू द्या. गाडीवर छत्री धरा तिच्यावर."

आणि खरंच धरली हो त्यांनी! आख्ख्या मेहरूणनं बघितलं.

उजेड होता तोवर पानं वाढली. वरण, भात, पोळी. मंदानं तव्यावरची टम्म फुगलेली पोळी आधी त्यांच्या ताटात टाकली, मला सकाळची. नानाशेठचा हात सवयीनं पोळीशी गेला, उलटा पंजा.

"थांबा नाना, फार गरम आहे. गार होऊ द्या," मंदा म्हणाली.

"नको सूनबाई," नानाशेठ घास मोडत म्हणाले, "गार तर रोजच खातो."