तुडुंब भीमा

विरुपाक्ष सरांनी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि बत्तीस वर्षांत त्यांचं स्वतःचं एक चित्र कुठल्या भिंतीवर लागलं असेल तर शपथ. शाळेच्या कंपाउंडवर 'येथे थुंकू नये' हे त्यांनी रंगवलं होतं. अक्षर फार देखणं होतं, पण लोक नेमके त्याच्यावरच थुंकायचे. घरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि पत्नी धनलक्ष्मीबाई दुसरा खिळा ठोकू देत नव्हत्या. त्यामुळे नवी पेठेतले कापडवाले गुरुबसप्पा एक दिवस घरी येऊन म्हणाले, "सर, नव्या दुकानात गल्ल्यामागं एक मोठं चित्र लावायचं हाय," तेव्हा सरांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"कसलं चित्र?"

"आमच्या घराण्याचं. आमचे पणजोबा चनबसप्पा दीडशे वर्षांमागं होडीत बसून भीमा वलांडून हिकडं आले. संगं कापडाचे गठ्ठे. नदी तुडुंब. असं सगळं पायजे."

"त्यांचा फोटो आहे का एखादा?"

"तवा फोटो कुटला? तुमी काढाल तसे दिसतील की. फकस्त रुबाबदार पायजेत. आन् कॅनव्हासवर काढा. कागदावरचं घरात लावत्यात, दुकानाला कॅनव्हासच शोभतंय."

आता पंचाईत अशी, की सरांना फक्त जलरंग येत होते. शाळेने बत्तीस वर्षांत दुसरं काही हातात दिलंच नव्हतं. आणि जलरंग कॅनव्हासमध्ये मुरत नाही, नुसता वर बसून राहतो, ओलं बोट लागलं की निघून येतो. हे गुरुबसप्पांना सांगावं तर भिंत हातची जाणार. सरांनी हो म्हणून टाकलं. रंगाच्या दुकानदाराने सांगितलं होतं, चित्र पुरं झालं की वरून वार्निशचा फवारा मारा, मग पाण्याला दाद देत नाही. पुरं झालं की मारू, असं सरांनी ठरवलं आणि तिथेच ते फसले. कारण चित्र पुरं कधी होणार, हे त्यांच्या हातात नव्हतं.

खोटं कशाला बोला, पहिल्या पंधरा दिवसांत चित्र झकास झालं. भीमा अशी फुगलेली, की बघणाऱ्याने धोतर वर घ्यावं. गुरुबसप्पांनी ते दहा मिनिटं न्याहाळलं.

"सर, कपाळाला विभूती न्हाय."

सरांनी लावली.

"मिशी बारीक वाटायलीय."

सरांनी ओल्या कापडाने मिशी पुसली आणि दुप्पट जाड काढली. पाच मिनिटांत काम झालं. हे चित्र दुरुस्तीला इतकं सोपं आहे, हे गुरुबसप्पांना कळलं आणि घात झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी घराण्याच्या धाकट्या पातीचा चुलतभाऊ शरणबसव याला सोबत आणलं.

"आमचे पणजोबा ईरप्पा कुटं हायत?" शरणबसवने विचारलं. "दोगं भाऊ संगंच आलते की. आमचे होडीत पुढं बसलेवते."

"पुढं आमचे होते," गुरुबसप्पा म्हणाले.

पुढचे आठ दिवस दोन्ही घराणी त्या होडीत जागा बदलत राहिली. सकाळी चनबसप्पा पुढे, संध्याकाळी ईरप्पा. सर पुसायचे, काढायचे, पुन्हा पुसायचे. शेवटी वैतागून त्यांनी होडीच बघणाऱ्याकडे तोंड करून फिरवली, म्हणजे दोघं शेजारी शेजारी आणि भांडण नको. आता ती होडी नदी ओलांडते आहे की अंगावर येते आहे हे कळत नव्हतं, पण दोघं चुलतभाऊ खूश झाले. मग शरणबसवचं लक्ष नावाड्याकडे गेलं.

"ह्यो कोण?"

"नावाडी. होडी वल्हवणारा."

"काढून टाका त्याला. उद्या त्याचा पणतू दुकानात येऊन बसला म्हंजे?"

सरांनी नावाडी पुसला. होडी आपली आपण चालू लागली.

उद्घाटनाच्या दिवशी सोमवार होता. चित्र गादीच्या मागे, भिंतीवर हाताला येईल इतकं खाली टांगलं होतं, कारण वर देवांचे फोटो होते. सकाळी नऊ वाजेपर्यंत सर गादीवर उभे राहून ईरप्पांच्या फेट्याला आणखी तांबडा रंग देत होते. पाहुणे यायला लागले तसे ते खाली उतरले. फवाऱ्याची बाटली पिशवीतच राहिली. पाहुणे गेले की मारू, असं म्हणून सर मागच्या खोलीत शिरा खायला गेले.

दुकानात निंगव्वा आली. ही गुरुबसप्पांची चुलती, वय नव्वद. तिचा एक नेम होता. दर सोमवारी घरातल्या वाडवडिलांचे फोटो ओल्या फडक्याने पुसायचे, विभूती लावायची, हार घालायचा. सत्तर वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता. तिने भिंतीवर दोन वडीलधारी माणसं बघितली, तांब्या मागवला आणि पदर खोचून गादीवर चढली.

सरांनी मागच्या खोलीच्या दारातून ते पाहिलं. ते ताटली घेऊनच धावले. पण मध्ये चाळीस पाहुणे होते आणि प्रत्येकाला सरांचा हात हातात घ्यायचा होता. "सर, नदी लई भारी वठलीय." "सर, माणसं बोलतील का काय असं वाटतंय." जे कौतुक बत्तीस वर्षांत झालं नव्हतं, ते सगळं एकदम त्यांच्या वाटेत उभं राहिलं. आणि मेलं ते ऐकायला बरंही वाटत होतं.

पहिल्या हातात मिशा गेल्या. डाग पडला म्हणून निंगव्वाने फडकं पिळून पुन्हा पुसलं. फेटा उतरून होडीत आला, होडी नदीत मिसळली. म्हातारी कामाला चोख. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. सर पोचले तेव्हा कॅनव्हासवर एक मातकट पट्टा उरला होता, दुसरं काही नाही. सर गादीवरच बसले. त्यांना रडू येत होतं आणि हातात शिरा होता.

"काकू, काय केलात ह्ये?" गुरुबसप्पा म्हणाले. "आपले पणजोबा पुसलात की."

निंगव्वा दोन पावलं मागे सरली, डोळे बारीक करून तिने बघितलं.

"आत्ता बराबर दिसायलंय बग, यप्पा."

"काय बराबर?"

"भीमा. माझी सासू सांगायची की. लई मोटा दुष्काळ पडलावता. नदीत चिमणीला प्यायला पाणी न्हवतं. होडी कुटली आणतोस? दोगं वाळूतनं चालत आले, डोस्क्यावर गटुळं घिऊन. गटुळ्यात शिळ्या भाकरी."

चाळीस पाहुण्यांसमोर घराण्याचं सगळं पाणी आटलं. गुरुबसप्पा छताकडे बघत राहिले. शरणबसव मात्र विचार करत होता.

"चालत आले व्हय," तो म्हणाला. "मग पुढं कोण चालत होतं?"

"आमचे," गुरुबसप्पा लगेच म्हणाले. "सर, ह्या वाळूतच दोन माणसं काढा की. पाच मिंटाचं काम."

बत्तीस वर्षांत विरुपाक्ष सर कुणावर रागावले नव्हते. ते उठले. कापडाच्या गठ्ठ्यांवर नंबर टाकायचा जाड मार्कर गल्ल्यावर पडला होता, तो उचलला. धुतल्याने न जाणारी शाई होती ती. जिथे पुढचा माणूस चालला असता, बरोबर तिथे त्यांनी वीतभर अक्षरांत 'विरुपाक्ष' अशी सही ठोकली.

"आता इथे जागा नाही," ते म्हणाले आणि शिरा खायला निघून गेले.

चित्र तसंच राहिलं. दोन्ही पातींनी बसून विचार केला. आपला माणूस नाही, पण दुसऱ्याचाही नाही, यावर दोघांचंही समाधान झालं.

पुढच्या सोमवारी धनलक्ष्मीबाई ब्लाउजपीस आणायला नवी पेठेत गेल्या आणि पिशवी न उघडताच परत आल्या.

"अहो, तुमचं चित्र बघून आले."

"बघितलंस?" सर सावरून बसले. "कसं वाटलं?"

"सहीवर विभूतीचे पट्टे ओढलेत. वर हार घातलाय. ती निंगव्वा हात जोडून उभी होती. म्हणते, सगळं पुसून गेलं, पण हे आजोबा काही केल्या निघेनात, लई जुने दिसत्यात. आणि काउंटरवरच्या दोन बायका नावाला हार बघून मला विचारतात, सर कधी गेले."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, घरी आहेत, मी परत गेल्यावर वरण-भात लावायचाय. त्यांचा विश्वास बसला नाही. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला."

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"हार कसला होता?"

"मोगऱ्याचा."

"ताजा?"

"ताजा होता."

"मग असू दे," सर म्हणाले. "वरण-भात लाव."