तायडे बाईंची रांग

तायडे बाई संगणकालाही शिक्षा करतात. त्यानं चूक दाखवली की स्क्रीनचं तोंड भिंतीकडे. वर, "विचार कर जरा," असं त्याला बजावायचं.

बाईंनी मला तिसरीत शिकवलं. आता त्या निवृत्त आहेत आणि भोकरदनच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्या बाकावर बसून पायथन ही संगणकाची भाषा शिकतात.

परवा मी पाच गोष्टी दिल्या, नऊ, शंभर, अडीच हे आकडे आणि राजूर, धावडा ही गावं, आणि म्हणालो, क्रमानं लावा. बाईंनी एका बोटानं टाइप केलं. लगेच चूक आली.

"आकडा आणि शब्द यांची तुलना त्याला येत नाही, बाई," मी म्हणालो.

"मंग सगळ्यांना शब्दच करते."

तसं केलं, तर शंभर सगळ्यांच्या पुढे, मग अडीच, मग नऊ. स्क्रीन भिंतीकडे गेली.

"नऊच्या आधी शंभर? तिसरीतलं पोरगंबी असं सांगत न्हाई."

शब्द म्हटला की तो पहिलं चिन्ह बघूनच ठरवतो, शंभरातला एक हा नवाच्या आधी येतो, असं मी समजावलं.

"म्हंजे धडा न वाचताच उत्तर देऊन राह्यला," बाई म्हणाल्या आणि तणतणत घरी गेल्या.

शनिवारी मी शटर उघडायच्या आधीच त्या दारात उभ्या. "जल्दी उघड रे. सापडलंय मला."

चपला न काढताच त्या खुर्चीत बसल्या. आकड्यांची एक रांग, शब्दांची दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या लावायच्या, मग दुसरी पहिलीच्या मागे उभी करायची. "शाळेत प्रार्थनेला पोरं-पोरींचं असंच करत होतो की."

तोवर वर्ग भरला होता. बटण दाबलं. अडीच, नऊ, शंभर, धावडा, राजूर. बिलकुल बराबर. सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. बाईंनी समोरच्या हॉटेलवाल्याला आत ओढून आणलं, स्क्रीन दाखवली आणि सगळ्यांना चहा सांगितला.

बाकीचे गेले तरी बाई रेंगाळल्या. उगाच कीबोर्ड पुसत राहिल्या.

"उद्या क्लास हाय का रे?"

"उद्या रविवार आहे, बाई."

"माहीत हाय मला." फडक्याची घडी करत म्हणाल्या, "घरी दिवसभर टीव्हीशीच बोलून राह्यले मी."

"सकाळी उघडतो मी," म्हणालो. "नाश्ता तेवढा तुमच्याकडून."

बाईंनी पर्स उचलली. दारापर्यंत जाऊन वळल्या.

"पोह्यात शेंगदाणे चालतात ना रे तुला?"