आठव्या नंबरचा सोलो

घरातून निघायच्या आधीच घड्याळजींनी रीड तोंडात धरली. रीड म्हणजे सॅक्सोफोनच्या तोंडाला लावायची वेताची पातळ पट्टी. ती कोरडी राहिली तर सॅक्सोफोन नुसता किंचाळतो. सहा वर्षं त्यांना शिकवणाऱ्या बँडमास्तरांनी बजावलं होतं, "वाजवायच्या क्षणापर्यंत ती जिभेवरून हलता कामा नये." घड्याळजी पडले सरळमार्गी. बायकोने विचारलं, "जेवायला येणार ना?" तर त्यांनी नुसते खांदे उडवले.

"पन्नाशीत हे भलतंच खूळ," बायको म्हणाली, पण शर्टाची कॉलर तिनेच सारखी केली.

जॅझचे एक म्हातारे, नामांकित पियानोवादक एका दिवसापुरते शहरात आले होते. आठ विद्यार्थी त्यांच्यासमोर वाजवणार आणि ते प्रत्येकाचं काय चुकतं ते सांगणार, असा मास्टरक्लास होता. घड्याळजींचा नंबर आठवा. डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांची घड्याळं उघडताना बावीस वर्षं ते याच माणसाच्या रेकॉर्डी ऐकत आले होते. या माणसाने आपल्याला एकदा ऐकावं, मग बरं म्हणो की वाईट, एवढीच त्यांची इच्छा होती. पण ती इतकी जुनी होती की रात्रीची झोप उडाली होती.

सॅक्सोफोनची मूळ पेटी केव्हाच मोडली होती, म्हणून ते वाद्य एका लोखंडी हत्यारपेटीत ठेवत. घोटाळा तिथेच झाला. हॉलच्या दारात संयोजक बाई फोनवर कुणाला तरी झापत होत्या. पेटी दिसताच त्यांचा जीव भांड्यात पडला.

"आलात एकदाचे! कधीची वाट बघतेय. पियानोची एक पट्टी दाबली की वरच येत नाहीये. तुम्ही दुरुस्तीवालेच ना?"

घड्याळजींनी जोरजोरात मान हलवली. नाही म्हणण्यासाठीच हलवली, पण बाई तोवर पाठ फिरवून चालू लागल्या होत्या.

रिकाम्या हॉलमध्ये पियानोपाशी ते म्हातारे पियानोवादक साक्षात बसलेले होते. रीड काढून खरं काय ते सांगावं म्हणून त्यांनी तोंडाकडे हात नेला, तेवढ्यात म्हातारबुवा म्हणाले, "बोलू नका, नुसतं ऐका. मागचा मिस्त्री फार बडबड्या होता. तुम्ही शांत दिसता, बरं वाटलं." आणि त्यांनी ती अडकणारी पट्टी दाबून दाखवली.

आता या माणसाला निराश कसं करायचं? घड्याळजींनी खिशातला चिमटा काढला, पियानोचं झाकण उघडलं आणि आत हात घातला. पाच मिनिटांत पेन्सिलीचा एक तुकडा बाहेर आला. म्हातारबुवा खूश झाले. पट्टी नीट चालते का ते बघायला त्यांनी एक अख्खी चाल वाजवली. दोन हातांच्या अंतरावर घड्याळजी, एकटे घड्याळजी, ऐकत होते.

इथे त्यांची नियत फिरली. त्यांनी उगाचच दुसऱ्या एका पट्टीकडे बोट दाखवलं. "हिच्यातही दोष आहे म्हणता?" म्हातारबुवांनी पुन्हा वाजवलं. मग तिसरी पट्टी, मग चौथी. ठणठणीत पियानोला घड्याळजींनी अर्धा तास आजारी ठेवलं.

घड्याळजी हॉलबाहेर आले, तर बाई ताटकळलेल्या लोकांना माइकवर सांगत होत्या, "पियानोच्या दुरुस्तीत अर्धा तास गेला. दिलगीर आहोत, पण आठव्या नंबरला आज वेळ देता येणार नाही."

घड्याळजींनी इतक्या जोरात दात आवळले की रीड कचकन चिरली.

सात जणांचं वाजवणं त्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकलं. कुणाचं फार बरं झालं की त्यांना वाईट वाटे, आणि मग वाईट वाटल्याची लाज वाटे. दुपारी तीनला सगळे पांगले. म्हातारबुवा पायऱ्यांवर गाडीची वाट बघत उभे होते. घड्याळजी समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तोंडातली रीड काढली.

"मी मिस्त्री नाही हो. मी आठवा."

म्हातारबुवांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग त्या बाकीच्या पट्ट्या?"

"चांगल्या होत्या."

म्हातारबुवा खो खो हसले. "गाडी येईपर्यंत वाजवा."

चिरलेली रीडच वाद्याला बांधून घड्याळजींनी जपून जपून एक सोलो वाजवला. म्हातारबुवा म्हणाले, "पियानोत हात घातलात तेव्हा कुणाची परवानगी घेतली होती?"

"कुणाचीच नाही."

"मग आता सारखी कुणाची घेताय? पुन्हा वाजवा."

घड्याळजींनी डोळे मिटले आणि कुणालाही न विचारता वाजवलं. रीड खरखरली, दोन सूर घसरले, पण त्यांना फिकीर नव्हती. असं त्यांनी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. डोळे उघडले तर पायऱ्यांवर फक्त संयोजक बाई, हातात कुलूप घेऊन.

"ते कधी गेले?"

"तुम्ही दुसऱ्यांदा सुरू केलं आणि लगेच गाडी आली. विमानाची वेळ झाली होती, काका." मग त्यांचा चेहरा बघून बाई घाईने म्हणाल्या, "पण काच खाली करून बसले होते. ड्रायव्हरला हळू घे म्हणाले. त्या वळणापर्यंत तरी काच वर केली नव्हती, मी बघितलं ना."

घड्याळजींनी पेटी उचलली आणि ते वळणाकडे निघाले. म्हातारबुवांना कुठवर ऐकू गेलं असेल ते बघायला तोच सोलो मनातल्या मनात म्हणत, गाडीच्या बेताने झपझप चालले. वळण आलं तेव्हा तिसरी ओळ संपत होती. खरी जमली होती ती चौथी.

मग ते परत पायऱ्यांपर्यंत गेले, आणि या खेपेला जरा सावकाश निघाले.