उजवेमामांचं हृदय

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही. न पटो. ज्या माणसाची ही गोष्ट, त्यानं जन्मात कुणाच्या पटण्या-न पटण्याची फिकीर केली नाही. मग आपण तरी का करावी?

उजवेमामा टॉवर क्रेन चालवत. उजवे हे त्यांचं आडनाव नव्हे. शाळेत कवायतीच्या मास्तरांनी हृदयावर हात ठेवायला सांगितला, तेव्हा यांनी तो छातीच्या उजव्या बाजूला ठेवला. मास्तर म्हणाले, "चुकलास." हे म्हणाले, "चुकलो नाही. माझं इकडेच असतं." झालं. तेव्हा उजवीकडे गेलेलं हृदय पुन्हा परतायचं नाव घेईना. खिसा हृदयावरच हवा, म्हणून मामा शिंप्याकडून शर्टाचा खिसासुद्धा उजवीकडे शिवून घेत.

यंदा कंपनीनं फर्मान काढलं: हृदय ठणठणीत असल्याचा दाखला आणा, नाहीतर क्रेनवरून उतरा. उतरायचं म्हणजे मामांना मरणच. वरच्या केबिनमध्ये त्यांना उलट बोलणारं कुणी नव्हतं.

तपासणीला मामी सोबत आल्या. ईसीजी काढणारी मुलगी डाव्या बाजूला रबरी वाट्या लावू लागली, तोच मामी म्हणाल्या, "अगं, उजवीकडे लाव. यांचं हृदय तिकडे असतं."

मामांनी दचकून मामींकडे पाहिलं. नाही म्हणावं, तर जन्माची पत जाते.

"बरोबर सांगतेय ही," ते म्हणाले.

मुलीनं वाट्या फिरवल्या, हातांच्या वायरी अदलाबदल करून लावल्या. यंत्रातून कागद बाहेर आला आणि मुलगी डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावली. रेघेनं जिथं वर चढायचं, तिथं ती खाली बुड्या मारत होती.

"काका, हृदय खरंच उजवीकडे असतं तर हे आता सरळ आलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि अशा बहुतेकांचं यकृतही डावीकडे असतं."

"आहे की."

"अपेंडिक्सही."

"तेही डावीकडेच होतं. काढलं."

"व्रण तर उजवीकडे दिसतोय."

"सर्जनचा हात लांब होता."

बाईंनी खुर्ची पुढं ओढली. "हे बघा, हृदयाला चार कप्पे असतात. उजवे दोन अंगातलं वापरलेलं रक्त गोळा करून शेजारच्या फुप्फुसांत धाडतात. तिथून शुद्ध होऊन ते डावीकडे येतं, आणि डावा खालचा कप्पा ते डोक्यापासून अंगठ्यापर्यंत ढकलतो, म्हणून त्याची भिंत सगळ्यांत जाड. मधल्या झडपा अशा, की पुढं गेलेलं रक्त मागं फिरत नाही."

"माझ्यावर गेलंय," मामा म्हणाले. "मीही फिरत नाही."

बाईंनी स्टेथोस्कोप उजवीकडे लावला, मग डावीकडे. "इथं तर ढोल वाजतोय."

"तुमची ही नळी बघून काळजानं ठाव सोडला असेल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "खरं सांगा. वाट्या जागेवर लावून पुन्हा काढू. नाहीतर या कागदावर मी सही करणार नाही. क्रेन बंद."

मामांच्या डोळ्यांपुढं केबिनची काच आली, हाताखालचा दांडा आला, खाली मुंग्यांएवढाले इंजिनिअर आले. एक शब्द पुरेसा होता. त्यांनी शर्ट उचलला आणि बटणं लावायला घेतली.

"बंद तर बंद. हृदय उजवीकडेच राहील. मी घरी बसेन. हिला स्वयंपाक करताना सोबत होईल. मास्तरांचं, सर्जनचं, सगळं पहिल्यापासून सांगेन. रोज."

मामींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"डॉक्टर, खोटं बोलतायत हे," त्या म्हणाल्या. "डावीकडेच आहे. लग्न झाल्यापासून तिथंच कान टेकून झोपतेय मी."

"मग मघाशी उजवीकडे का म्हणालात?"

"म्हटलं, नापास होतील, एकदाचे खाली उतरतील. पण घरी बसून दिवसभर हेच ऐकवणार असतील, तर वरच बरे. लावा वाट्या डावीकडे."