झाडं वाचवणाऱ्या ऑफिसातला कागदचोर

"गुन्हेगार माझं नाव ऐकूनच गाव सोडतात," असं भिंगराव गुप्तहेर छाती फुगवून सांगत. त्यांचा हरवलेला चष्मा त्यांच्याच कपाळावर सापडायचा, तोही मेहुण्याला. हा मेहुणाच त्यांचा मदतनीस. बहिणीच्या संसाराकडे बघून बिचारा गप्प बसे.

आजची केस एका प्रकाशकाच्या मुलीची होती. वडिलांच्या नाकदुऱ्या काढून तिने छापील पुस्तकं बंद करवली होती. आता फक्त ई-पुस्तकं! झाडं तोडायला नकोत, ट्रकभर गठ्ठे वाहायला नकोत, न खपलेल्या प्रती रद्दीत घालायला नकोत. पण ऑफिसातला कागद मात्र दणादण संपत होता.

"बाबा म्हणतात, कागद एवढा लागतच असेल तर सोमवारपासून छापखानाच सुरू करू," ती रडवेली झाली. "सगळी मेहनत पाण्यात जाईल हो काका!"

भिंगरावांनी कागदाचं रिकामं खोकं हुंगलं. "वाळवी!"

"भावोजी, खोकं सोडून नुसता कागद खाल्ला?"

"सुशिक्षित वाळवी आहे."

"ज्या दिवशी पुस्तकं जास्त खपतात, त्या दिवशी कागद जास्त जातो," मुलगी म्हणाली.

"सापडला! वाचकच चोर! फोनमधून हात घालून..."

एवढ्यात प्रकाशकाची बायको घरून दोन्ही हातांत गठ्ठे घेऊन तणतणत आली, मागोमाग प्रकाशकही आले. "अहो, कपाटात माझ्या कपड्यांना जागा नाही, पलंगाखाली झाडू जात नाही. सांभाळा तुमची ही पुस्तकं!"

सगळी ई-पुस्तकंच होती. प्रिंटरवर छापून, दोऱ्याने नीट शिवलेली.

"बाबा, तुम्ही?"

"मग? एक प्रत खपली की मी एक छापून ठेवतो," प्रकाशक गोंधळून म्हणाले. "पैसे घेतले आणि हातात काहीच दिलं नाही. उद्या गिऱ्हाईक दारात आलं तर? मला लोकांना फसवल्यासारखं वाटतं गं."

मेहुण्याला गलबलून आलं. मुलीने एका वाचक आजींना फोन लावला आणि तो वडिलांच्या हातात दिला.

"पुस्तक मिळालं ना आजी?" प्रकाशकांनी विचारलं.

"मिळालं, वाचूनही झालं! छापील अक्षर आता दिसत नाही हो मला. हे मोठं करून वाचलं."

प्रकाशकांनी फोन कानाशी घट्ट धरला. मग हळूच म्हणाले, "बांधणी सुटली नाही ना?"

"छे हो, एकदम मजबूत!"

त्यांनी डोळे पुसले. "सोमवारपासूनचा छापखाना रद्द," ते मुलीला म्हणाले.

"यात वाचकाचा हात आहे, हे मी आधीच ताडलं होतं," भिंगराव मिशीवर ताव देत उठले. "आता माझा सविस्तर अहवाल. चार प्रती छापा!"

मेहुण्याने प्रिंटरची वायर उपटली आणि खिशात घातली.